कच्चा खर्डा दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

यंत्र वापरायच्या सूचना, कामाची पद्धत असलं काही लिहिलं की पहिला खर्डा सहकाऱ्याला ‘जरा बघ’ म्हणून पाठवू नका. ‘छान आहे’ एवढंच परत येतं, फार तर एखादी चुकलेली वेलांटी. त्याऐवजी त्याला यंत्रासमोर उभं करा, कागद हातात द्या आणि सांगा, यात लिहिलंय तेवढंच कर. तुम्ही शेजारी बसा, पण बोलायचं नाही. (हेच सगळ्यात अवघड!)

मी एकदा पीएच मीटरच्या, म्हणजे द्रव किती आम्लधर्मी ते मोजणाऱ्या यंत्राच्या, सूचना लिहिल्या होत्या. ‘इलेक्ट्रोड धुऊन पुसून घ्या, मग बफरमध्ये बुडवा.’ (इलेक्ट्रोड म्हणजे द्रवात बुडवायची कांडी, बफर म्हणजे पीएचचा आकडा आधीच ठाऊक असलेलं द्रावण.) मैत्रिणीने टिश्यू घेऊन इलेक्ट्रोड चष्म्याच्या काचेसारखा खसाखसा पुसला. मग विचारलं, “कुठला बफर? इथे तीन बाटल्या आहेत.” दुसऱ्या खर्ड्यात मजकूर असा झाला: ‘इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरने धुवा. टिश्यूने नुसता टिपा, घासू नका. टोकाचा काचेचा फुगा नाजूक असतो. आधी ७ चा बफर, आकडा स्थिर झाल्यावर ४ चा. मधे पुन्हा धुवा.’ लांबी वाढली, वाढू दे.

वाचणारा जिथे थबकेल, मागचं पान उलटेल, ‘म्हणजे?’ म्हणेल, तिथे आपल्या प्रतीवर पेन्सिलीने फुली मारा. फुल्यांपुरतंच पुन्हा लिहा. पुढचा खर्डा मात्र तिसऱ्याच माणसाला द्या. पहिल्याला आता सगळं पाठ झालेलं असतं. शुद्धलेखन? ते सगळ्यात शेवटी.