आश्वेच्या लाटांसाठी सोलापुरातली तयारी

गड्ड्याची यात्रा आटोपली की जानेवारीच्या शेवटी आपला वर्ग गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला निघतोय. बॅगा नंतर भरू. आधी प्रत्येकाने खरं सांगायचं, पोहता येतं की नाही. आपल्यातले बरेच जण विहिरीत नाहीतर जलतरण तलावात शिकलेत. ते पाणी जागचं हलत नाही. समुद्र छातीवर धक्का देतो, पायाखालची वाळू ओढून नेतो. म्हणून ज्यांना येतं त्यांनीही आतापासून सकाळी पोहायला यावं. वेग राहू द्या, पाठीवर ५ मिनिटं तरंगता आलं पाहिजे आणि नाकात पाणी गेलं तरी श्वास सावरता आला पाहिजे. ज्यांना येत नाही त्यांनी शिकवणाऱ्याला आधीच सांगायचं. यात कमीपणा कसला? पहिल्या दिवशी सगळेच कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसाळ लाटेवर शिकतात.

सर्फिंगच्या फळीवर पालथं पडून झटकन उभं राहावं लागतं, त्याचा घरी रोज १० मिनिटं सराव करा. सतरंजी घ्या, चादर फरशीवर सरकते. पालथं पडायचं, तळवे बरगड्यांपाशी टेकायचे आणि एका झटक्यात पाय खाली घेऊन उभं राहायचं, गुडघे वाकलेले, नजर समोर. मागे कुठला पाय जातो ते लक्षात ठेवा. फळीला जोडलेली दोरी त्याच घोट्याला बांधतात.

भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची म्हणजे लहान. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे शिकवणीची वेळ तिथल्या लोकांनाच ठरवू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाटा फुटत असताना मधेच एक पट्टा शांत, गडद दिसतो. आपल्यासारख्या तळ्याकाठच्या माणसांना तिथेच उतरावंसं वाटेल. पण पाणी परत समुद्रात ओढून नेणारी वाट बहुधा तीच असते. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका; फळी धरून ठेवा, हात वर करा, पोहायचंच झालं तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. पडताना सपाट पडा, वर येताना हात डोक्यावर. विहिरीत मारतो तसा सूर उथळ पाण्यात मारला तर मानेला इजा होते. फळी स्वतःच्या आणि लाटेच्या मधे आडवी धरू नका. लाल झेंडा असेल तर पैसे भरलेले असले तरी पाण्यात पाय नाही.

बॅगेत अंगाला घट्ट बसणारा, लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट हवा; सुती कपडा भिजून जड होतो आणि फळीवर छाती सोलवटते. सनस्क्रीन, पाण्याची बाटली, कोरड्या कपड्यांचा जोड. चष्मा काढून ठेवावा लागेल, त्याची डबी घ्या. टॉवेल आपलाच, सोलापुरी. त्याच्याइतकं पाणी दुसरा टिपत नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी भरपूर घ्या, पण ती पाण्यातून बाहेर आल्यावर. आत जाण्याआधी २ तास फक्त हलकं खाणं, नाहीतर पालथं पडल्यावर मळमळतं.

पोहता येणाऱ्यांची आणि न येणाऱ्यांची नावं रविवारपर्यंत माझ्याकडे द्या. बसची तिकिटं त्यानंतरच काढू.