सीट द्यायची कशी

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो. नोकरीसाठी नव्याने मुंबईत आलेल्या पोरांना जे सांगतो तेच इथे लिहितोय, कारण सभ्य माणूस कोणाला म्हणावं हे मला बसमध्येच कळलं. तुमच्या मदतीने समोरच्याला ओशाळं वाटता कामा नये. बाकी सगळं यातूनच येतं.

सीट देताना "बसा आजी" असं अर्ध्या बसला ऐकवू नका. बॅग खांद्याला लावा, उठा आणि आपला स्टॉप आल्यासारखं बाजूला व्हा. आजी आपसूक बसतात, आभार मानायची वेळच येत नाही. फक्त त्या बसेपर्यंत अंग आडवं धरा, नाहीतर मागचा एखादा तरणाबांड टपकन बसतो. राखीव सीटवरून उठण्यात उपकार नाहीत, ती जागा त्यांचीच आहे. तिथे कोणी सांगायची वाट बघू नका.

गर्दीत बाईमागे उभं राहावं लागलं तर बॅग पोटाशी घ्या, एक हात वरच्या दांड्याला, दुसरा बॅगेवर. पाय थोडे फाकवून उभे राहिलात की ब्रेक लागला तरी अंग तिच्यावर जात नाही. तिला कोणी त्रास देत असेल तर हाणामारी नको. मध्ये जाऊन उभे राहा, कंडक्टरला हाक मारा आणि तिला विचारा, "पोलिसांना फोन करू का?" नंबर १०३ किंवा ११२. ती नको म्हणाली तर नको, हो म्हणाली तर साक्षीला थांबा. फोन करून पुढच्या स्टॉपला उतरून जाणारे मला कधीच आवडले नाहीत.

परळच्या गाडीत टाटा हॉस्पिटलला जाणारी माणसं लगेच ओळखू येतात. बहुतेक दोघंजण, प्लास्टिकच्या पिशवीत जाडजूड फाईल, एकाच्या तोंडाला रुमाल, आणि प्रत्येक स्टॉपला वाकून बाहेरची पाटी वाचायची धडपड. कोणी जळगावचं, कोणी नांदेडचं. काय झालंय, कितवी स्टेज, हे विचारू नका. "टाटाला ना? मी सांगतो कुठे उतरायचं," एवढं पुरे. आणि सांगायचं ते एक स्टॉप आधी, म्हणजे आजारी माणसाला सामान घेऊन दारापर्यंत पोचायला वेळ मिळतो. राहायची सोय विचारली तर दादर पूर्वेची गाडगे महाराज धर्मशाळा सांगा, तिथे कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या माणसांना ठेवून घेतात. खिशात मात्र हात घालू नका. न मागता हातावर ठेवलेल्या पैशाने चांगला खातापिता शेतकरी मान खाली घालतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रस्त्यात अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीने निघून जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं, त्यामुळे चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही. स्वतःचं नाव सांगायची सक्तीही नाही.

मोबाईलवर मोठ्याने व्हिडिओ बघणाऱ्यांबद्दल काय लिहायचं? कानात हेडफोन घाला.

आणि सुट्ट्या पैशांवरून एखाद्याची कंडक्टरशी जुंपली असेल तर त्याचंही तिकीट काढा. २०२५ पासून कमीत कमी भाडं १० रुपये झालंय, फार नाही. तिकीट त्याच्या हातात द्या आणि लगेच पुढे सरका.