भाजीच्या पानावरचा बारीक किडा ओळखायचा कसा?

पानावर काही वळवळताना दिसलं की हात लगेच फवारणीच्या बाटलीकडे जातो. माझाही जायचा. पहिल्याच वर्षी मी वांग्यावरच्या काळपट, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या वेचून चिरडल्या. त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या होत्या, मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे खायला आलेल्या. थोड्याच दिवसांत शेंडे माव्याने भरून गेले. म्हणून आधी ओळख, मग उपाय.

१. सकाळी ऊन चढण्याआधी बघा, तेव्हा किडे सुस्त असतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक पांढरा कागद हाताशी ठेवा. पान उलटून बघा, कारण बहुतेक रसशोषक किडी खालच्या बाजूलाच बसतात. कोवळे शेंडे आणि कळ्याही तपासा.

२. रंगावर विसंबू नका, चाल बघा. मावा हिरवा, पिवळा, काळा कसाही असतो, पण बोट लावलं तरी जागचा फारसा हलत नाही. भिंगातून त्याच्या पाठीमागे दोन बारीक नळ्या दिसल्या की शंका उरत नाही. तिरका चालतो आणि टुणकन उडतो तो तुडतुडा. झाड हलवताच पांढरा भुगा उडाल्यासारखा दिसला आणि पुन्हा पानाखाली जाऊन बसला, तर ती पांढरी माशी. कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण.

३. फुलकिडे (थ्रिप्स) आणि पिकावरचे बारीक कोळी (माइट) नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. फांदी कागदावर झटका. लांबट, सुईच्या टोकाएवढे जीव सरपटले तर फुलकिडे. गोल ठिपका चालू लागला तर भिंगातून पाय मोजा. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठ पाय असतात, तो कीटक नाहीच. त्यामुळे बरीचशी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत.

४. किडा सापडला नाही तरी खुणा बोलतात. पानं चिकट आणि मुंग्यांची ये-जा म्हणजे मावा, पांढरी माशी किंवा पिठ्या. चंदेरी ओरखडे आणि त्यात काळे ठिपके हे फुलकिड्यांचं काम. मिरचीची पानं वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर पिवळा कोळी. पानात पांढरी नागमोडी रेघ दिसली तर नागअळी.

५. मित्र कोण, हेही बघा. मावा खाणारा ढालकिडा चकचकीत असतो. वांग्याची पानं खरवडणारा, २८ ठिपक्यांचा त्याचा भाऊबंद मळकट आणि केसाळ दिसतो, त्याची अळी पिवळी असते. केसासारख्या देठावर टांगलेली अंडी क्रायसोपा या मित्रकीटकाची, ती हलवू नका. फुगून तपकिरी, कडक झालेल्या माव्याच्या पोटात चिमुकल्या परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. असे मावे बरेच दिसले तर फवारणी चार-पाच दिवस थांबवा आणि त्याच पानांवर पुन्हा मोजणी करा.