कार्यक्रम फसला म्हणण्याआधी जागा बदलून बघा

गाण्याच्या कार्यक्रमांचा साउंड मी सांभाळते. माझं काम मिक्सरमागे, म्हणजे सगळ्या माईकचा आवाज जुळवणाऱ्या टेबलामागे, उभं राहण्याचं. 17 वर्षं झाली. कार्यक्रम सुटला की लोक माझ्या टेबलासमोरून बाहेर पडतात आणि त्यांचं बोलणं आपोआप कानावर पडतं. एक म्हणतो, "काय रंगला आज!" त्याच्या मागोमाग येणारा म्हणतो, "पैसे पाण्यात." तोच गायक, तीच गाणी. दोघांतलं कुणीच खोटं बोलत नसतं. बऱ्याचदा एक चौदाव्या रांगेत असतो आणि दुसरा भिंतीला चिकटून, एवढाच काय तो फरक.

कलाकाराचा गळा त्या रात्री कसा लागेल हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. ते सोडून द्या. पण लाइव्ह कार्यक्रम अचानक भारी निघणं किंवा भिकार निघणं, यातला बराच भाग ऐकणाऱ्याच्या हातात असतो. तो कसा सांभाळायचा, ते माझ्या टेबलामागून जसं दिसतं तसं सांगते.

तिकीट काढताना

माझ्या धाकट्या भावाला एकदा मी पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसवलं होतं. त्याचा आवडता गायक, त्यामुळे स्वारी खूश. मध्यंतरात तरातरा माझ्याकडे आला. "ताई, काय लावलंयस हे? मला नुसता ड्रम ऐकू येतोय. तो गातोय की नुसतं तोंड हलवतोय?" मी म्हटलं, दुसरा भाग इथे माझ्या शेजारी उभा राहून ऐक. पहिलंच गाणं सुरू झालं आणि त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. "तू आत्ता काहीतरी बदललंस." मी कशाला हात लावला नव्हता.

कारण साधं आहे. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही कडांना, बहुतेक वेळा उंच टांगलेले असतात आणि त्यांचं तोंड मागच्या प्रेक्षकांकडे असतं. पुढे मध्ये बसलेला माणूस त्यांच्या माऱ्याच्या बाहेर पडतो. त्याला थेट स्टेजवरून जे येतं तेच जास्त ऐकू येतं, म्हणजे ड्रम आणि गिटारचा अँप, गिटारचा स्वतःचा स्पीकर. गायकाचा आवाज माईकमधून स्पीकरला जातो आणि त्याच्या डोक्यावरून निघून जातो. यावर उपाय म्हणून स्टेजच्या पुढच्या कडेवर छोटे स्पीकर ठेवतात. त्या दिवशी आम्ही ते ठेवले नव्हते. चूक आमचीच होती आणि भाऊ ती अजून ऐकवतो.

पहिली रांग बघण्यासाठी चांगली. ऐकायचं असेल तर मिक्सरच्या आसपासची जागा घ्या. आवाज जमवणारा माणूस तिथे उभा राहून जमवतो, म्हणजे त्याला जे ऐकू येतं ते तुम्हालाही ऐकू येईल. बासचे, म्हणजे खालच्या जाड स्वरांचे, स्पीकर स्टेजच्या डाव्या-उजव्या कडेला असतील तर बरोबर मधल्या पट्ट्यात बास जास्त साचतो. छातीत धडधडणं सोसत नसेल तर मधल्या रेषेपासून चार-पाच खुर्च्या बाजूला सरका. भिंत आणि कोपरा टाळा, तिथे बास घुमतो आणि शब्द त्यात बुडतात. बाल्कनीखालच्या अगदी शेवटच्या रांगाही नकोत. सभागृहाचा वरून येणारा झंकार तिथपर्यंत पोचत नाही, गाणं डब्यातून आल्यासारखं वाटतं.

मोकळ्या मैदानाचं गणित वेगळं. साधारण 20 अंश तापमानात आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. तुम्ही स्टेजपासून 100 मीटरवर असाल तर पडद्यावर काठी ड्रमवर आदळलेली आधी दिसते आणि ठोका पाव सेकंदाहूनही उशिरा कानावर येतो. काही लोकांना एवढ्यानेही चुकल्या-चुकल्यासारखं वाटत राहतं आणि ते बँडलाच बेताला म्हणून मोकळे होतात. मोठ्या मैदानात मध्ये-मध्ये जास्तीच्या स्पीकरचे मनोरे उभे करतात आणि त्यांना आवाज मुद्दाम उशिरा सोडतात, म्हणजे पुढून येणाऱ्या आवाजाशी तो जुळतो. असा मनोरा स्टेज आणि आपल्या मध्ये राहील अशा बेताने थोडं मागे उभे राहा. वारा असेल तर आवाज लाटांसारखा येतो-जातो. त्यावर साउंडवाल्याकडेही इलाज नसतो, शिव्या देऊ नका.

घरून निघताना

एक आगाऊपणाचा सल्ला. निघायच्या आधी दोन दिवस त्या कलाकाराचं स्टुडिओतलं रेकॉर्डिंग ऐकणं बंद करा. तिथे एकेक ओळ दहा-दहा वेळा गाऊन त्यातली उत्तम निवडलेली असते. ते कानात ताजं ठेवून गेलात की समोरचा जिवंत माणूस सतत उणाच दिसणार. तयारी करायचीच असेल तर त्याचं एखादं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका. तो गाणी भराभर घेतो का, बडबड किती करतो, जुनी गाणी मोडून-तोडून नव्याने म्हणतो का, एवढं कळलं तरी निम्मा हिरमोड टळतो.

पहिली तीन गाणी सोडून द्या

साउंड चेक, म्हणजे आवाजाची आधीची चाचणी, रिकाम्या सभागृहात होतो. मग त्यात माणसं भरतात, आणि माणूस म्हणजे आवाज शोषणारी उशी. दुपारी ज्या खोलीत आवाज खणखणीत होता, तीच रात्री मवाळ होते आणि वरचे, तीक्ष्ण स्वर आधी गळतात. त्यामुळे पहिल्या दोन-तीन गाण्यांत मी आणि माझ्यासारखे सगळेच अक्षरशः धावपळ करत असतो. गळा वर घे, कीबोर्ड दाब, कुठे शिट्टी वाजतेय ती शोध. तेवढ्यात तुम्ही "फालतू साउंड" असा मेसेज टाकून मोकळे झालेले असता.

आता उलटं उदाहरण. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि त्यांचे साथीदार वाद्यं जुळवत होते. ते थांबले तेव्हा श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पंडितजी हसून म्हणाले की जुळवणंच इतकं आवडलं असेल, तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. घाईने टाळी वाजवणारे आणि घाईने नाक मुरडणारे, दोघेही अजून सुरू न झालेल्या कार्यक्रमाचा निकाल लावत असतात.

नेमकं काय बिघडलंय?

चौथ्या गाण्यानंतरही मन लागत नसेल तर आधी जागेवरून उठा. उभ्याचा कार्यक्रम असेल तर दहा पावलं मागे, दहा बाजूला जाऊन बघा. खुर्च्या असतील तर दोन गाण्यांच्या मध्ये मागच्या दारापाशी जा. आवाज सुधारला तर दोष जागेचा. सगळीकडे तसाच चिखल असेल तर तो आमचा, आणि मध्यंतरात येऊन शांतपणे तसं सांगायला हरकत नाही. "गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीयेत" असं सांगितलंत तर मी काहीतरी करू शकते. "साउंड बेकार आहे" यावर काय करू?

दुसरी चाचणी कानातल्या बोळ्यांची. फार मोठ्या आवाजात कान स्वतःच आवाज फाटका करून ऐकवतो. बोळे घातल्यावर शब्द अचानक सुटे ऐकू आले तर दोष आवाजाच्या पातळीचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय, आणि ती मर्यादा पाळली गेली तरी बोळे खिशात असावेत. फोमचे स्वस्त बोळे वरचे स्वर जास्त कापतात, त्यामुळे गाणं रजईखालून आल्यासारखं लागतं. संगीतासाठीचे वेगळे मिळतात, ते घ्या.

मग गायकाकडे बघा. एक कान बोटाने बंद करतोय, बाजूला बघून अंगठा वर करतोय, पायाजवळच्या मॉनिटरकडे, म्हणजे त्याचा आवाज त्यालाच ऐकवणाऱ्या स्पीकरकडे, वाकतोय? त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाहीये. त्या अवस्थेत चांगला गायकही सुरावरून घसरतो. 15 ऑगस्ट 1965 ला बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 55 हजारांवर लोकांसमोर वाजवत होते. त्यांच्याकडे असे मॉनिटर नव्हते आणि किंकाळ्या इतक्या की त्यांना आपलं आपल्यालाच धड ऐकू येत नव्हतं. ऐकायला गेलेल्यांना काय मिळालं असेल, विचार करा. पण बघायला गेलेल्यांनी ती संध्याकाळ जन्मभर सांगितली.

घोटाळा झाला की फोन खाली ठेवा

माझ्या आठवणीतला सगळ्यात चांगला कार्यक्रम मी वाजवलेलाच नाही. 400 खुर्च्यांचं सभागृह. गायिका वयाने मोठी, त्या दिवशी घसा बसलेला, आणि मी संध्याकाळभर तिचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, इंचाइंचाने वर ढकलत होते. शेवटून चौथं गाणं चालू असताना वीज गेली. माझ्या मिक्सरवरचे सगळे हिरवे ठिपके एकदम विझले. ड्रमरचा ठोका दोन मात्रा तसाच चालला, मग तोही थांबला. कुणीतरी हसलं. मी आधी मास्टर फेडर, म्हणजे सगळ्या आवाजाचा एकच, खाली ओढला, कारण वीज परत येताना स्पीकरमधून जो धाडकन आवाज येतो तो नको होता.

दारावरचा एक आणीबाणीचा दिवा तेवढा जळत होता. ती चालत स्टेजच्या कडेला आली, पाय खाली सोडून बसली आणि तेच गाणं पुन्हा धरलं, खालच्या पट्टीत, जवळजवळ निम्म्या लयीत. गिटारवाल्याकडे एक साधी लाकडी गिटार होती. ड्रमरने खुर्ची उलटी केली आणि तळव्याने ठेका धरला. शेवटच्या रांगेत एकाला खोकला आला आणि त्याने तो दाबला, तेही ऐकू आलं. अकरा मिनिटांनी वीज आली. मी फेडरवर बोट ठेवलं तेव्हा तिने माझ्या दिशेने फक्त हात हलवला, राहू दे. उरलेली तीन गाणी तिने माईकशिवाय म्हटली.

नंतर माझ्या लक्षात आलं की संध्याकाळभर ती तिच्या घशाशी नव्हे, आम्ही स्टेजवर केलेल्या गोंगाटाशी भांडत होती.

असं नेहमी होत नाही, पण होतं. 24 जानेवारी 1975 ला कोलोनच्या ऑपेरा हाउसमध्ये जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट यांना हवा होता तो पियानो आलाच नाही. जो मिळाला तो लहान होता, वरचे स्वर पत्र्यासारखे, खालचे पोकळ, पेडल धड चालत नव्हती. कार्यक्रम ठरवणारी मुलगी 18 वर्षांची होती आणि सगळी तिकिटं गेली होती. रात्री साडेअकराला ते त्याच पियानोवर बसले, वाईट टोकं टाळून मधल्या पट्ट्यात जास्त राहिले आणि डाव्या हाताने त्याच त्या आकृती घुमवत ठेवल्या. त्या रात्रीच्या रेकॉर्डिंगच्या लाखो प्रती खपल्या. 1960 मध्ये बर्लिनला जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड भर गाण्यात शब्द विसरल्या. थांबल्या नाहीत. आपण शब्द विसरलोय हेच त्यांनी गाण्यात बसवलं, जॅझ गायक लुई आर्मस्ट्राँग यांच्या घोगऱ्या आवाजाची नक्कलही करून टाकली, आणि त्या रेकॉर्डिंगला ग्रॅमी मिळाला.

तेव्हा स्टेजवर काही बिनसलं की लगेच व्हिडिओ काढायला फोन उचलू नका. शक्य असेल तर पुढे सरका, गप्प बसा. कलाकार त्या क्षणी सभागृहाचा अंदाज घेत असतो. समोर 400 पेटलेल्या स्क्रीन दिसल्या तर तो विंगेत निघून जातो. शांतता दिसली तर कधीकधी कडेला येऊन बसतो.

उठून जावं का?

जावं, खुशाल जावं. 22 डिसेंबर 1808 ला व्हिएन्नात बेथोव्हन यांनी पाचवी आणि सहावी सिंफनी एकाच संध्याकाळी पहिल्यांदा ऐकवल्या. आज वाटतं, तिथे असायला हवं होतं. पण कार्यक्रम चार तास चालला, सभागृह गारठलेलं, वाद्यवृंदाची तालीम अपुरी, आणि शेवटची रचना मध्येच कोलमडली म्हणून थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. कुडकुडत बसलेल्याला तो कार्यक्रम वाईट वाटला असेल तर तो चुकला असं मी म्हणणार नाही. थकलेल्या कानाला पाचवी सिंफनीही लांबलेलीच वाटते. माझा नियम असा: जागा बदलून पाहिली, बोळे घालून पाहिले, मध्यंतरानंतर दोन गाणी दिली, आणि तरीही घड्याळाकडेच लक्ष जातंय, तर गाणं संपल्यावर उठायचं. चालू गाण्यात नाही.

आणि मत त्याच रात्री लिहू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळी लिहा: कुठे बसला होता, कितव्या गाण्याला पहिल्यांदा बरं वाटलं, काय बिघडलं, कोणता क्षण अजून आठवतोय. फोनवरच्या क्लिप बघून लिहू नका. फोनचा छोटा माईक मोठा आवाज चेपून टाकतो आणि बास तर त्याला पेलतच नाही. भावाने अशी वही धरलीय आता. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत "पहिली रांग, ड्रम, ताई". परवाची नोंद मी चोरून वाचली: "रांग 14, मिक्सरच्या डावीकडे. आवाज स्वच्छ. गायक शेवटपर्यंत बेसूर. यात ताईचा दोष नाही."