बोटीवर दुखापत झाली की या चुका टाळा

आम्ही चौघं पाण्यावर रुळलो ते नाशिकच्या गंगापूर धरणात. तिथं कुणाला लागलं तर दहा मिनिटांत काठ आणि पुढच्या अर्ध्या तासात कॉलेज रोडवर डॉक्टर. हीच सवय घेऊन आम्ही शिडाच्या बोटीने कोकण किनाऱ्याला निघालो. मुरुड ते जयगड साठेक सागरी मैल. ताशी पाच मैलांची चाल धरली तर बारा तास. 'पुढं डॉक्टर बघेल' म्हणून जे सोडून द्याल, ते बारा तास तसंच राहतं. आमच्या बहुतेक चुका या एकाच सवयीतून झाल्या.

सगळ्यांनी जखमीकडे धावणं

हर्णै डाव्या हाताला असताना आमच्यातल्या एकाचा हात विंचवरच्या (शिडाचा दोर ताणायच्या चक्रावरच्या) दोरात सापडला. तो ओरडला, "बोट! बोट!" सुकाणूवरचा गडी घाबरून दुसरी बोट कुठून आली ते शोधायला लागला. बाकीचे दोघं जखमीकडे धावले. तेवढ्यात बोट वळली आणि बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा, सणसणत डोक्यावरून गेली. थोडक्यात दुसरा जखमी टळला.

आधी बोट शांत करा. पुढचं शीड उलट्या बाजूला ताणून धरायचं, मोठं शीड ढिलं सोडायचं आणि बोट वाऱ्याकडे वळू पाहील असं सुकाणू बांधायचं. याला हीव्ह-टू म्हणतात. हिंदकळणं कमी होतं, बोट सावकाश वाहत राहते. एकाने सुकाणूजवळ थांबायचं, एकाने जखमीकडे जायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा. 'थांबलं का' म्हणून दर मिनिटाला उचलून पाहू नका.

अंगठी राहू देणं

त्याच्या त्या बोटात पोवळ्याची अंगठी होती, मंगळासाठी. "राहू दे रे भो, काही होत नाही," म्हणाला. अर्ध्या तासात बोट वांग्यासारखं सुजलं, नख निळसर दिसायला लागलं. हाताला, मनगटाला लागलं की पहिल्या पाच मिनिटांत अंगठी, कडं, घड्याळ उतरवा.

उशीर झालाच तर शिवणाचा दोरा घ्या. एक टोक चिमट्याने अंगठीखालून तळव्याकडे ओढून घ्या. उरलेला दोरा अंगठीच्या पुढून मधलं पेर ओलांडेपर्यंत फेऱ्याला फेरा चिकटवून घट्ट गुंडाळा. मग तळव्याकडचं टोक नखाच्या दिशेने ओढत उलगडत जा. एकेका फेऱ्याबरोबर अंगठी पुढं सरकते. आम्हाला वीस मिनिटं लागली, आणि शिव्या आमच्या सात पिढ्यांना. बोट सरळ होतं, वाकत होतं, म्हणून हे केलं. हाड मोडल्यासारखं वाटलं तर ओढाताण नको, अंगठी सरळ कापा.

डोक्याला लागल्यावर अ‍ॅव्होमिन

कसारा घाटात मळमळलं की अ‍ॅव्होमिन, हे आपल्या हाडीमासी भिनलंय. पण बूम डोक्याला लागलेल्या माणसाला उलटी झाली तर ती बोट लागल्याची, म्हणजे हिंदकळण्याची, आहे असं धरून चालू नका. त्या गोळीने झोप येते. मग गुंगी गोळीची की मेंदूला लागल्याची, हेच कळत नाही. ब्रूफेन, अ‍ॅस्पिरिनही नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. वारंवार उलटी, असंबद्ध बोलणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, यांतलं काहीही दिसलं की तडक मदत मागा.

बरगडीला लागलं तर छाती करकचून आवळू नका. श्वास उथळ होतो आणि छातीत कफ साठतो.

जखमेत हळद, वर चिकटपट्टी

जखमेत हळद भरू नका, समुद्राच्या पाण्यानेही ती धुऊ नका. पिण्याचं पाणी सिरिंजमध्ये भरून जोराने मारा. घाण जखम वरून बंद करू नका. भोवती लाली आली की तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि वेळ लिहा. नाशिककराला हे शिकवायला नको, आपण गोदावरीचा पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरच मोजतो. तासा-दोन तासांत लाली रेघेबाहेर गेली, ताप आला, तर जवळचं बंदर गाठा. मधुमेह असेल तर तेवढीही वाट पाहू नका.

लाजून मदत न मागणं

जीव धोक्यात नसला तरी व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरच्या रेडिओच्या, चॅनल 16 वर 'पॅन-पॅन' ही तातडीची हाक देता येते. 'मेडे' जीव धोक्यात असेल तेव्हा. किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक 1554. सॅटेलाइट फोन घे, असा सल्ला परदेशातले मित्र देतात, पण आपल्याकडे तो परवानगीशिवाय बाळगता येत नाही. रेडिओवर बोलायला आणि शिडं उतरवायला बोटीवरच्या प्रत्येकाला यायला हवं. उद्या बोटीचा कप्तानच पडला तर?

2018 च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात, शिडाच्या बोटीने एकट्याने जगप्रदक्षिणेला निघालेले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या बोटीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. आणीबाणीची पिशवी बोटीतच होती, पण तिच्यापर्यंत पोहोचणंही त्यांना कठीण झालं होतं. फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचललं तोवर काही दिवस गेले होते. हे वाचल्यावर आमची औषधांची पेटी वरच्या फळीवरून खाली, केबिनच्या जमिनीलगत आली. आडव्या माणसाचा हात पोहोचेल अशी.

आता मांडव्याला बोटीवर चढताना सगळ्यांच्या अंगठ्या एका डबीत जातात. पोवळ्याची तेवढी गडी स्वतःच्या हाताने ठेवतो, आमच्या हातात देत नाही.