जुना लॅपटॉप गेममध्ये आणि व्हिडिओत अडखळतो? या क्रमाने दुरुस्त करा

उदाहरणासाठी २०१५ च्या सुमाराचा, इंटेल आय५-५२००यू प्रोसेसर आणि एचडी ५५०० ग्राफिक्सचा लॅपटॉप घेऊ. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवता येत नाही. पण मूळचा वेगही बहुतेकदा पूर्ण मिळत नसतो, आणि तो परत मिळवता येतो.

आधी मोजा

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवा आणि चार्जर लावून १५ मिनिटं गेम खेळा. थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे प्रोसेसरने स्वतःचा वेग कमी करण्याच्या) ओळीत 'येस' दिसलं, किंवा पहिली पाच मिनिटं गेम नीट चालून मग धक्के बसू लागले, तर दोष उष्णतेचा. सुरुवातीपासूनच संथ असेल तर रॅमकडे वळा.

सफाई आणि पेस्ट

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडून बॅटरीची पिन सोडवा आणि मगच पुढे जा. खरी धूळ पात्यांवर नसते. फॅन आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पत्र्यांच्या मध्ये तिचा करड्या नमद्यासारखा थर बसतो. बाहेरच्या जाळीतून ब्लोअर मारला तर हाच थर फॅनमध्ये ढकलला जातो. म्हणून फॅनचे स्क्रू काढून तो उचला आणि थर चिमट्याने ओढून काढा. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर फॅन प्रमाणाबाहेर फिरून बेअरिंग खराब होतं.

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे असतात. काढताना उलट क्रम, बसवताना सरळ, आणि प्रत्येक स्क्रू थोडा थोडा फिरवत. एकच बाजू आधी आवळली तर उघड्या चिपचा कोपरा तुटू शकतो. चिप आणि हीटसिंकच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट असते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते, पण ती चिपभर पातळ पसरवा. जाड थर उष्णता अडवतो.

दुसरी रॅम स्टिक

पैसे खर्च करायचेच तर आधी इथे करा. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. डीडीआर३एल १६०० या प्रकारच्या रॅमची एकच स्टिक सेकंदाला १२.८ जीबी डेटा पुरवते, दोन स्टिक २५.६ जीबी. म्हणून ८ जीबीच्या एका स्टिकपेक्षा ४-४ च्या दोन गेमला जास्त मानवतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत ते दिसतं. विकत घेताना १.३५ व्होल्ट लिहिलेलं आहे ना, हे बघा, १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ इथे चालत नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत (अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) आकडा बदलून 'व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) वाढवा' सांगणाऱ्या युक्तीच्या नादी लागू नका. तिने फक्त दिसणारा आकडा बदलतो.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली तर विंडोज आणि गेम लवकर उघडतात, पण गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) वाढत नाहीत.

यूट्यूब अडखळत असेल तर

व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसला, तर हा प्रोसेसर व्हिडिओ उलगडण्याचं काम मुख्यतः स्वतःच्या कोअरवर करतो. म्हणून फॅन घोंघावतो आणि ड्रॉप्ड फ्रेम्स (गळालेली चित्रं) वाढतात. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय हे एक्स्टेंशन टाका. मग यूट्यूब एच.२६४ हा जुना कोडेक पाठवतं आणि ते ग्राफिक्स चिप सहज पेलते. या फॉरमॅटमध्ये १०८०पीच्या वर जाता येत नाही, पण अशा लॅपटॉपच्या १३६६×७६८ च्या पडद्याला ७२०पीसुद्धा पुरतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन चालू असायला हवं.

गेमच्या सेटिंग्ज

आधी शॅडो (सावल्या) आणि अँटी-एलियसिंग (कडा गुळगुळीत करणं) बंद करा, मग रिझोल्यूशन १०२४×५७६ वर आणा. चिपला काढावे लागणारे पिक्सेल मूळच्या १३६६×७६८ च्या ५६ टक्क्यांवर येतात. फ्रेमची मर्यादा सेकंदाला ३० ठेवा.

तरीही धक्के बसत असतील तर पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के करा. याने टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग) बंद होतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून १५ वॅटच वाटून घेतात, त्यामुळे टर्बोने खाल्लेली वीज ग्राफिक्सला मिळते. गेम प्रोसेसरवरच अडत असेल तर मात्र फ्रेम उलट घटतील. तसं दिसलं की आकडा परत १०० करा.