एमडी ड्रगचा (मेफेड्रोनचा) संशय असेल तर पीएम कसं कराल?

जिल्हा रुग्णालयात नव्याने पीएमला (शवविच्छेदनाला) उभ्या राहणाऱ्या माझ्या ज्युनिअर डॉक्टरांसाठी हे लिहितोय.

अकस्मात मृत्यूच्या कागदांवर 'नशेच्या अतिसेवनाने' असं लिहून आलं तरी ते पोलिसांचं मत. आपलं अजून बनायचंय. चाकू उचलण्याआधी कॅज्युअल्टीचा केसपेपर मागवा. पोरगा बरळत होता का, कपडे काढून फेकत होता का, झटके आले का, आणि मुख्य म्हणजे ताप किती होता? मेफेड्रोन किंवा एमडीएमए (एक्स्टसी) घेतलेल्याचं अंग ४१-४२ अंश सेल्सिअसपर्यंत तापून जीव जाऊ शकतो, आणि त्या तापाची खात्रीची खूण शवात उरत नाही. सिस्टरने रात्री लिहिलेला तो एक आकडा आपल्या सगळ्या चिरफाडीपेक्षा मोलाचा. त्याची झेरॉक्स जोडाच.

रक्त मांडीच्या शिरेतून घ्या, शीर वरच्या बाजूने बांधून. हृदयातलं रक्त पुरेसं नाही: मृत्यूनंतर आसपासच्या अवयवांतलं औषध तिथे झिरपतं आणि आकडा फुगतो. नळी सोडियम फ्लोराइडची, राखाडी बुचाची. डोळ्याच्या गोळ्याच्या आतलं पाणी (व्हिट्रियस) मात्र दोन नळ्यांत, त्यातली एक साधी. एमडीएमए घेऊन बदाबदा पाणी प्यायलेल्यांचं सोडियम घसरतं. ते फ्लोराइडच्या नळीत मोजायला गेलात तर बाटलीतलंच सोडियम मोजून बसाल! लघवी आणि यकृताचा तुकडा वेगळा. खिशातली पुडी व्हिसेराच्या (तपासणीला पाठवायच्या अवयवांच्या) पेटीत कधीच टाकायची नाही. ती पंचनाम्यात पोलिसांकडे.

मेफेड्रोनसारखी कॅथिनोन गटातली औषधं रक्तात हळूहळू विघटित होतात, उन्हाळ्यात तर लवकरच. नमुने उणे २० अंशांत ठेवा, बर्फाच्या डब्यातूनच पाठवा. मुद्देमालाच्या खोलीत पडून राहिलेल्या बाटलीचा 'काही आढळले नाही' हा रिपोर्ट कुणाच्याच कामाचा नसतो.

लघवीच्या पट्टीवर अॅम्फेटामिन निगेटिव्ह आलं म्हणून सुटका नाही. मेफेड्रोन त्या पट्टीत सहज निसटतं. म्हणून सीएकडच्या (रासायनिक विश्लेषकाकडच्या) पत्रात 'विष आहे का' एवढंच मोघम लिहू नका. 'मेफेड्रोन व इतर कॅथिनोन, एलसी-एमएस पद्धतीने' असं स्पष्ट लिहा (एलसी-एमएस म्हणजे नेमकं औषध ओळखणारी यंत्रावरची तपासणी), सोबत दारू आणि झोपेच्या गोळ्याही.

मेफेड्रोन २०१५ पासून एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली आहे, त्यामुळे रिपोर्ट कोर्टात जाणारच. पण जीव घेणारी ठरावीक मात्रा अशी नाही; तेवढंच रक्तात असलेली माणसं चालतीबोलतीही सापडतात. तेव्हा मेंदूतला रक्तस्राव, महाधमनी, हृदयाच्या धमन्या नीट बघा, हृदयाचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवा, आणि सीए रिपोर्ट येईपर्यंत मत राखून ठेवा. पोलिस घाईत असतील, तर बसू द्या त्यांना.